चार-वीसला सांगितलं, ‘आज थांबायचंय’: ऐनवेळच्या ओव्हरटाईमबद्दल, म्हणजे ओटीबद्दल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरने विचारलं आहे. त्यांची पाळी सकाळी आठ ते साडेचार. चार-वीसला सुपरवायझर मशीनपाशी येतो, ‘आज गाडी भरायची आहे, साडेआठपर्यंत थांबायचं’ एवढं बोलतो आणि पुढच्या मशीनकडे सरकतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे होतं. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटवर तासभर ताटकळत ठेवतात. ओटी सिंगलने, म्हणजे साध्या दराने मिळतो, आणि कधी तोही नाही, ‘त्याबदल्यात सुट्टी घेऊन टाक’ म्हणतात. हजेरी कंत्राटदाराकडे. घर गिरणाऱ्याच्या बाजूला, थोडी द्राक्षबाग आहे, आणि ज्या आठवड्यात पंपाची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात नेमका ओटी येतो. नाही म्हणायचा हक्क आहे का, आणि थांबलो तर पैसे किती मिळायला हवेत, असे दोन प्रश्न आहेत.

हक्क आहे, आणि पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. पण ओटी किती तास आधी सांगायला हवा, याचा आकडा कायद्यात नाही. ‘चोवीस तासांची नोटीस दिली नाही म्हणून ओटी बेकायदा’ असं कलम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि एचआरपुढे तसं बोललात तर तो हसेल. तुमचं बळ नोटिशीत नाही, संमतीत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आणि १९४८चा जुना फॅक्टरी कायदा त्यात विलीन झाला. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत कलम २५ प्रमाणे दिवसाचं काम आठ तासांचं. कलम २७ मध्ये ओव्हरटाईमला दुप्पट दर आहे आणि त्याच कलमात लिहिलंय की मालकाला कामगाराकडून ओव्हरटाईम करून घ्यायचा असेल तर त्या कामासाठी कामगाराची संमती हवी. जुन्या कायद्यात संमती इतकी स्पष्ट शब्दांत नव्हती. तेव्हा हा भाग पाठच करून ठेवा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिमाही ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हासुद्धा कामगाराच्या लेखी संमतीची अट सोबत होतीच. त्याच निर्णयातल्या बारा तासांच्या दिवसाची बातमी वाचून ‘आता बारा तास कंपल्सरी झाले’ असं शॉपफ्लोअरवर सांगणारे सुपरवायझर मला भेटलेत. दिवस ताणायची मुभा आणि माणसाला जबरदस्तीने थांबवायची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याचे ४८ तासही बदललेले नाहीत, त्यापुढचं सगळं ओव्हरटाईमच.

आता एचआरचा ठरलेला मुद्दा. कामावर घेताना भरून घेतलेल्या गठ्ठ्यात एक कागद असतो: ‘कंपनीच्या गरजेनुसार जादा वेळ काम करण्यास मी तयार आहे.’ सही तुमचीच असते. माझ्या मते अशी एकगठ्ठा संमती फार काळ टिकणारी नाही, कारण कलमाचा रोख त्या-त्या कामासाठी घेतलेल्या संमतीवर आहे. पण कोर्टात काय टिकेल आणि उद्या सकाळी गेटवर काय होईल, यात अंतर असतं. म्हणून तो कागद फाडायच्या मागे लागू नका. त्याची प्रत मागा, एवढंच.

नकार कसा द्यायचा, यावर अर्धं प्रकरण ठरतं. तोंडी ‘जमणार नाही’ म्हणून बॅग उचलून निघालात तर दुसऱ्या दिवशीच्या शो-कॉजमध्ये (कारणे दाखवा नोटिशीत) ‘उर्मट वर्तन’ आणि ‘वरिष्ठांचा आदेश न पाळणे’ अशी दोन कलमं येतात, आणि मूळ विषय ओटी होता हे कागदावर कुठेच राहत नाही. सुपरवायझरला तेव्हाच शांतपणे नाही म्हणा आणि पाळी संपली की त्याला मेसेज टाका, मोबाईल आत नेऊ देत नसतील तर गेटबाहेर पडल्या-पडल्या. साधा: ‘सर, आज ४.२० ला आपण ८.३० पर्यंत थांबायला सांगितलं. घरी अडचण असल्याने आज थांबता येणार नाही, हे तेव्हाच सांगितलं आहे. पाळी पूर्ण करून, काम पुढच्या ऑपरेटरकडे देऊन ४.३० ला निघालो. आदल्या दिवशी कळवल्यास नक्की विचार करीन.’ खाली टोकन नंबर. कारण सविस्तर द्यायची कायद्याने गरज नाही, पण खोटं कारण तर मुळीच देऊ नका. आईला दवाखान्यात न्यायचंय असं लिहून तुम्ही बागेत फवारणी करताना दिसलात, तर हक्काची बाजू असूनही तुम्हीच खोटे ठरता. बागेला पाणी द्यायचंय, असं लिहिलं तर काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र मनापासून पाळा. भट्टी चालू आहे, बॉयलर आहे, प्लेटिंगच्या टाकीत जॉब (नग) सोडलेला आहे आणि रिलिव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस आला नाही, तर घड्याळ दाखवून निघून जाता येत नाही. तिथे नुकसान किंवा अपघात झाला तर निष्काळजीपणाचा ठपका लागतो आणि तो खोडायला फार जड जातो. मशीन बंद करता येण्यासारखं असेल तर सुपरवायझरला सांगून बंद करा, नसेल तर कुणाकडे तरी रीतसर सोपवा आणि लॉगबुकात वेळ टाका. ब्रेकडाऊन, आग, तातडीची दुरुस्ती अशा वेळी कायदाही मालकाला जास्त मोकळीक देतो. पण ‘आज गाडी भरायची आहे’ ही आणीबाणी नव्हे. महिनाअखेरीला गाडी भरायची असते हे स्टोअरच्या पोराला पंधरा दिवस आधी माहीत असतं.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चलाखी होते. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागलं की रोज ६००, तासाला ७५. ओटीचा तास १५० रुपये. साडेचार ते साडेआठ असे चार तास थांबलात तर ६०० रुपये, म्हणजे आणखी एक रोज. सिंगल दराने तुम्हाला मिळतात ३००. महिन्यात ४० तास ओटी भरला तर तीन हजारांचा फरक पडतो. दुसरी चलाखी बारीक आहे: पगार २६ ऐवजी ३० ने भागायचा. मग तास ६५ चा होतो आणि ‘डबल देतोय की’ म्हणत १३० हातात ठेवतात. तासामागे २० रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४० तासांचे ८०० होतात.

जुन्या कायद्यात ओटीच्या दरात भत्तेही धरले जात. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या वेगळी आहे: मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगाराला टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) धरायचा, घरभाडे भत्ता किंवा प्रवास भत्ता धरायचा नाही. पण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात मोजायचा. ज्यांची बेसिक चार हजार आणि ‘अदर अलाउन्स’ नऊ हजार अशी पगाराची पावती निघते, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तुमचा ओटी फक्त त्या चार हजारांवर काढला असेल, तर तो चुकीचाच आहे.

नवव्या तासाचा घोळही जुना आहे. फॅक्टरी कायद्यात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तास ओलांडले की दुप्पट लागू व्हायचं. त्यामुळे मालक म्हणायचा, आठ ते नऊ हा तास सिंगल. मधल्या एखाद्या दिवशी तुमची रजा पडली की आठवडा ४८ च्या आत राहायचा आणि त्याचं म्हणणं खपून जायचं. नव्या कलमात दिवसाचा आणि आठवड्याचा हिशेब यांपैकी जो कामगाराला फायद्याचा तो धरायचा, असं म्हटलंय. जुन्या सवयीने पगारपत्रक बनवणारे अकाउंटंट हे हमखास विसरतात.

‘त्याबदल्यात सुट्टी घे’ हेही चालत नाही. बदली सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर मिळते, आणि ती त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. चार संध्याकाळी चार-चार तास थांबवून एक दिवस सुट्टी देणं म्हणजे सोळा तासांचे दुप्पट पैसे, म्हणजे ३२ तासांचा मोबदला, आठ तासांत गुंडाळणं. तुम्हाला स्वतःला सुट्टीच हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती तुमची सवलत आहे, त्यांचा नियम नाही, हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

विश्रांतीचंही बघा. बाराला जेवून आलात आणि साडेआठपर्यंत उभे राहिलात तर मध्ये साडेआठ तासांचा सलग पट्टा होतो. पाच तासांनी अर्धा तास विश्रांती हा नियम जुनाच आहे. ओटीला थांबवणाऱ्याने चहा-वडापाव दिला म्हणजे विश्रांती दिली असं होत नाही. शिवाय आठ ते साडेआठ म्हणजे सकाळी आत शिरल्यापासून साडेबारा तास. जुन्या कायद्यात विश्रांती धरून हा पसारा साडेदहा तासांच्या आत ठेवायचा होता, त्यापुढे जायला कारखान्याला रीतसर सूट लागायची. तुमच्या कंपनीकडे ती आहे का, हा प्रश्न फॅक्टरी इन्स्पेक्टरने विचारला तर बऱ्याच ठिकाणी फाईल सापडत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे ते सांगतो. साडेचारला पंच आउट करायला, म्हणजे मशीनवर बाहेर पडल्याची नोंद करायला लावायचं आणि परत आत घ्यायचं. तासांची मर्यादा कागदावर पाळलेली दिसते, ओटीचे पैसे ‘अटेंडन्स इन्सेंटिव्ह’ म्हणून किंवा रोख पाकिटात मिळतात, आणि दोन मस्टर (हजेरीपट) चालतात: एक दाखवायचं, एक खरं. कामगारांनाही वाटतं, पैसे मिळतायत ना, मग काय. सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, बोटं सकाळी आठला जात नाहीत. ती संध्याकाळी सातला जातात, अकराव्या तासाला, सेन्सर बायपास करून टार्गेट पुरं करताना. आणि त्या वेळी मशीनवर असलेला माणूस कागदोपत्री साडेचारलाच घरी गेलेला असतो. मग ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) अपघात अहवालात वेळ काय लिहायची, इथून भांडण सुरू होतं. कंपनी म्हणते, तो आमच्या ड्यूटीवर नव्हताच. कंत्राटदाराचा फोन लागत नाही. हक्क बुडत नाही, पण तो सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागतात, आणि साक्षीदार त्याच गेटमधून रोज आत जाणारे असतात. म्हणून थांबायचं ठरवलंत तरी एक अट सोडू नका: पंच आउट काम संपल्यावरच. ‘आधी पंच कर, मग ये’ असं म्हणाले तर त्या दिवशी घरी जा, चार तासांच्या पैशांवर पाणी सोडा.

तुमची हजेरी कंत्राटदाराकडे आहे, याने ओटीचा दर बदलत नाही. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या मशीनवर तुम्ही उभे आहात त्या कंपनीवर येते. जुन्या कायद्यातही हे होतं, नव्या संहितेतही आहे. ‘तुमचं तुमच्या ठेकेदाराशी बघा’ हे उत्तर कंपनीला शोभतं, कायद्याला चालत नाही. तुमच्या शेजारच्या मशीनवर अप्रेंटिस पोरं असतील तर त्यांनाही सांगा: १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्यांच्याकडून ओव्हरटाईम करून घेताच येत नाही, त्यांनी हो म्हटलं तरी. आणि पॅकिंगला महिला असतील तर संध्याकाळी सातनंतर थांबवण्यासाठी त्यांची संमती हवीच, शिवाय सुरक्षिततेच्या अटीही आहेत. घरी सोडायच्या गाडीचं ठरलेलं नसताना चार-वीसला बायकांना थांबा म्हणणं हा नुसता गलथानपणा आहे.

दुकानं, मॉल, हॉटेल, ऑफिस यांना राज्याचा २०१७ चा वेगळा दुकाने व आस्थापना कायदा आहे. दुप्पट दर तिथेही आहे. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये दिवाळीच्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना हे माहीतच नसतं.

आठवड्यातून दोन-तीनदा होणारा ‘ऐनवेळचा’ ओटी ऐनवेळचा राहिलेला नसतो, हेही लक्षात घ्या. कंपनीला बारा तासांची पाळी चालवायची आहे, फक्त तिसऱ्या पाळीची माणसं घ्यायची नाहीत. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा किंवा पाळ्यांची पद्धत कायमची बदलायची असेल तर औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० प्रमाणे कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी तक्रार निवारण समितीशी बोलून पाळी बदलायची सवलत आहे, पण तातडी तीन महिने चालत नाही. तुम्ही शोधत होता ती नोटीस खरं तर इथे आहे. एका संध्याकाळच्या ओटीला नाही, पण रोजच्या झालेल्या ओटीला आहे. हा मुद्दा मांडायचा तर दोन-तीन महिन्यांची नोंद लागते. घरी एक वही ठेवा: तारीख, कितीला सांगितलं, कोणी सांगितलं, कितीला निघालो, पैसे कोणत्या नावाने आले. बँकेच्या पासबुकात कंत्राटदाराकडून पगाराखेरीज दुसरी रक्कम जमा होत असेल तर तिच्यावर पेन्सिलने खूण करा. वही रोजच्या रोज लिहिलेली असावी. एका बसणीत, एकाच पेनाने भरलेली वही समोरचा वकील पहिल्या पानावर ओळखतो.

वीस किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीत तक्रार निवारण समिती असायला हवी, निम्मे सदस्य कामगारांचे. बहुतेक ठिकाणी ती नोटीस बोर्डावर असते आणि सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. तरी अर्ज तिथेच आधी द्या. ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि नाही दिला तर पुढच्या दारासाठी तो अर्जच उपयोगी पडतो. पैशांसाठी दावा वेतन संहितेखाली, तीन वर्षांच्या आत. या दाव्यात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत: पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे, आणि प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. तास आणि विश्रांतीच्या तक्रारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, वेतनाच्या कामगार उपायुक्त कार्यालयाकडे. नाशिकमध्ये दोन्ही आहेत, मुंबईच्या खेपा मारायची गरज नाही. पंचवीस माणसांच्या शॉपमध्ये एकट्याचं नाव तक्रारीवर आलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं, म्हणून शक्य असेल तिथे नोंदणीकृत युनियनच्या लेटरहेडवर जा. दावा युनियनलाही करता येतो.

एकत्र येताना एक सावधगिरी. ‘उद्यापासून कोणीच ओटी करायचा नाही’ असं ठरवून, व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून सगळे साडेचारला बाहेर पडलात, तर व्यवस्थापन त्याला संप म्हणायला टपलेलं असतं, आणि नव्या संहितेत संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. संमती ज्याची त्याने द्यायची किंवा नाकारायची असते. नकारही ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या कारणाने, ज्याच्या त्याच्या मेसेजमधून द्यावा. मागणी मात्र सगळ्यांच्या सह्यांनी करा.

गेटवर अडवतात त्याचं काय, तर तिथे गप्प उभं राहून तासाने आत जाणं हे सगळ्यात वाईट. तासाचा पगार कापला जातो आणि नोंद ‘उशिरा आला’ अशी होते. ७.५५ ला पोहोचलात तर गेटसमोरून वेळ दिसेल असा फोटो काढा आणि एचआरला मेसेज करा: ‘७.५५ पासून गेटवर हजर आहे, आत सोडलेलं नाही.’ दिवसभर आत घेतलंच नाही, तर त्याच दिवशी हेच पत्र कंपनीला आणि कंत्राटदाराला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. हे दोन-चार दिवस राहून गेलं की कंपनीचं पुढचं पत्र येतं: ‘आपण स्वतःहून कामावर येणं बंद केलं आहे.’ मग तुम्हाला काढलं हे सिद्ध करत बसावं लागतं. पोस्टाच्या पावतीने ही सगळी पाटी पुसली जाते.

आणि सह्यांच्या मागणीत काय लिहायचं, तर ‘ओटी बंद करा’ असं लिहू नका. निम्म्या जणांना ओटी हवा असतो, कुणाचा मोटरसायकलचा हप्ता त्यावर चाललेला असतो. लिहा की पुढच्या आठवड्याच्या ओटीची यादी शनिवारी बोर्डावर लागावी, ज्याला थांबायचं त्याने नावापुढे सही करावी, ऐनवेळी माणूस लागला तर आधी त्या यादीतल्यांना विचारावं, आणि तास पावतीवर ‘ओव्हरटाईम’ म्हणूनच दिसावेत. कंपनीला यात खर्च नाही आणि लेखी संमतीही आयती मिळते, म्हणून हे बऱ्याचदा मान्य होतं. तुमच्याकडे रात्रीच्या लाईटचं वेळापत्रक आधी कळत असेल, तर त्या आठवड्याच्या यादीत सही करू नका.